फवाऱ्याचा गिलावा

घराच्या पायाची चर्चा सारें कुटुंब करतें; स्लॅब पडतो त्या दिवशीं पेढे वांटले जातात; आणि बैठकीच्या खोलीस कोणता रंग द्यावा यावरून तर पतिपत्नींत चार चार दिवस अबोला राहिल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांस ठाऊक असतील. परंतु या दोहोंच्या मधें जो गिलावा येतो त्याच्याकडे घरधन्याचें लक्ष सहसा नसतें. तें गवंड्याचें काम, त्याचें तो जाणे, अशी आपली समजूत असते. वास्तविक पुढें पन्नास वर्षें आपण ज्या भिंतींस पाठ टेंकून बसणार, त्यांचें अंग म्हणजे हा गिलावाच. आणि आतां तर गवंड्याच्या हातांतल्या थापीची जागा यंत्राची नळी घेऊं लागली आहे. 'मशीननें प्लॅस्टर करून देऊं' असें सांगणारे ठेकेदार आमच्या वऱ्हाडांतहि भेटूं लागले आहेत. तेव्हां हें यंत्र काय आहे, कोणतें कोठें चालतें आणि कोठें मुळींच चालत नाहीं, हें घर बांधणाऱ्यानें स्वतः समजून घेतलेलें बरें. माझ्यावर ती वेळ कशी आली तें आधीं सांगतों.

अकोल्याहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या धाकट्या बहिणीनें व तिच्या यजमानांनीं दोन वर्षांपूर्वीं घर बांधलें. दोघेंहि शिक्षक, आयुष्याची बहुतेक शिल्लक त्या भिंतींत गेली. वैशाखांत वरचा मजला पुरा झाला आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त ज्येष्ठांतला. ठेकेदारानें सांगितलें, "हातानें करायचें तर महिना लागेल, मशीननें चार दिवसांत आटोपतों." मुहूर्ताच्या घाईंत असलेल्या माणसास याहून गोड वाक्य कोणतें असणार ? यंत्र आलें. शेजारचीं मुलें आणि त्यांचे आजोबा असे दोघेहि सारख्याच उत्सुकतेनें पाहावयास जमले. राखी रंगाचा मसाला नळींतून असा सुटे कीं बघतां बघतां भिंत झांकून जाई. बहिणीनें त्याचें चलच्चित्र फोनवर मला अमरावतीस पाठविलें, आणि मींहि उत्तरादाखल 'वाहवा' लिहून पाठविली, हें येथें प्रामाणिकपणें नमूद करतों.

दिवाळींत भाऊबीजेस गेलों तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. बाहेरच्या अंगास जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत भिंतीवर पांढरें पीठ फुटलें होतें. बोटानें पुसावें, तर चार दिवसांनीं पुन्हां हजर. पश्चिमेच्या भिंतीवर टिचकी मारली तर रिकाम्या माठासारखा आवाज येई. वरच्या खोलींत तर परातीएवढा एक पोपडा सुटून भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला होता. ती त्या वेळीं शाळेंत होती म्हणून निभावलें. ठेकेदार म्हणे सिमेंट वाईट. सिमेंटचा दुकानदार म्हणे यंत्र वाईट. आणि बहिणीचे सासरे म्हणत कीं, मुहूर्तच चुकला. भाचीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या ठेवीस हात लावल्यावांचून दुरुस्ती होण्याजोगी नव्हती. बहिणीचें म्हणणें, यंत्राचें नांव पुन्हां काढूं नये. मेव्हण्यांचें म्हणणें, दोष ठरल्यावांचून पैसा पुन्हां भिंतीस लावूं नये. मला मेव्हण्यांचें म्हणणें पटलें.

हें यंत्र मुळांत कोणा गवंड्यानें काढलेलें नाहीं. स्वामी विवेकानंदांच्या नांवामुळें शिकागोचें १८९३ चें प्रदर्शन आपल्या परिचयाचें आहे. त्या प्रदर्शनासाठीं उभारलेल्या ललितकलांच्या प्रासादांत पुढें फील्ड कोलंबियन म्युझियम हें पदार्थसंग्रहालय नांदूं लागलें. त्या इमारतीचा दर्शनी भाग गिलाव्याचा होता, आणि तो थोड्याच वर्षांत झडूं लागला. संग्रहालयांत कार्ल एकली नांवाचा एक कलावंत होता. मृत प्राण्यांचीं कातडीं सांच्यांवर चढवून हुबेहूब हत्ती आणि हरणें उभीं करणें हें त्याचें काम. १९०७ च्या सुमारास त्यानें एक युक्ति योजिली : कोरडा मसाला दाबलेल्या हवेच्या जोरानें नळींतून पुढें ढकलावा, नळीच्या तोंडाशीं त्यांत पाणी मिसळावें, आणि तो तसाच भिंतीवर मारावा. १९११ सालीं या युक्तीचें पेटंट झालें. यंत्रास 'सिमेंट गन' म्हणजे सिमेंटची बंदूक असें नांव पडलें, आणि तिनें मारलेल्या लेपास 'गनाइट' म्हणूं लागले. एकली १९२६ सालीं आफ्रिकेंत गोरिलांच्या प्रदेशांत मोहिमेवर असतां वारला. त्याची बंदूक मात्र धरणें, बोगदे आणि खाणी यांच्या कामास कायमची लागली. कोंकण रेल्वेच्या बोगद्यांत खडकाच्या अंगावर कोठें कोठें जो खडबडीत राखी लेप चढविलेला आहे, तो याच कुळांतला.

जोरानें मारलेला मसाला चांगला कां चिकटतो हें समजण्यास मोठें शास्त्र लागत नाहीं. जुना गवंडी मसाला भिंतीवर थापीत नसे, फेंकीत असे. मनगटाचा एक झटका, आणि मसाला विटेच्या छिद्रांत व सांध्यांत शिरून आंतली हवा बाहेर काढी. हल्लीं उक्त्या कामाच्या घाईंत मसाला फेंकण्याऐवजीं नुसता दाबून पसरतात. मग वीट आणि गिलावा यांच्यामध्यें हवेचे पापुद्रे राहतात, आणि तेथेंच पुढें पोकळी होते. यंत्र हा झटका दर क्षणीं सारख्या जोरानें देतें, आणि दुपारचे तीन वाजले म्हणून त्याचा हात ढिला पडत नाहीं. यंत्राचा खरा गुण एवढाच, परंतु तो लहान नव्हे.

बाजारांत मात्र 'प्लॅस्टरचें मशीन' या एकाच नांवाखालीं चार-पांच निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. एकलीची कोरड्या मसाल्याची बंदूक घरास उपयोगी नाहीं. ती धूळ फार उडविते, आणि मसाल्याचा बराच भाग भिंतीवर आपटून खालीं पडतो. रंग मारण्याच्या हवाविरहित यंत्रांतून पातळ पुट्टी जाते, वाळू जात नाहीं. तरीहि तें यंत्र गिलाव्याचें म्हणून दाखविणारे विक्रेते मीं पाहिले आहेत. टायरोलियन नांवाची एक हातानें फिरविण्याची पेटी असते. दांडा फिरविला कीं आंतल्या लवचिक पट्ट्या मसाल्याचे शिंतोडे उडवितात. बाहेरच्या भिंतीवर दाणेदार खरबरीत पोत आणण्यास ती झकास. तिला वीज नको, हवा नको, आणि ती बिघडतेहि क्वचित्. परंतु मुख्य गिलावा तिच्यानें होत नाहीं.

राहिलीं दोन यंत्रें, आणि घरधन्याची निवड बहुधा या दोहोंतच असते. पहिलें म्हणजे हवेची पिचकारी. चार-पांच लिटरांचें एक भांडें, त्याच्या तळाशीं तीन-चार भोंकें, मागून येणारी दाबलेल्या हवेची नळी. घमेल्यांतला मसाला भांड्यांत भरावा, खटका दाबावा, कीं तो भिंतीवर जातो. भांड्याची किंमत स्वयंपाकघरांतल्या एखाद्या बऱ्या मिक्सरएवढी. खरा खर्च हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा. येथेंच पुष्कळ लोक फसतात. कॉम्प्रेसर पाहतांना ते दाबाचा आंकडा पाहतात. दाब तर लहानशा कॉम्प्रेसरासहि चार-सहा बारपर्यंत देतां येतो, परंतु त्या दाबानें मिनिटास किती हवा तो पुरवितो हा खरा प्रश्न आहे. या पिचकारीस मिनिटास सुमारें तीनशें लिटर वा अधिक हवा लागते. लहान यंत्रावर ती जोडली तर पहिलें भांडें जोरांत जातें, दुसरें रडतखडत, आणि तिसऱ्या वेळीं मसाला भिंतीपर्यंत न जातां मारणाऱ्याच्या पायांवर पडतो. तेव्हां निदान तीन अश्वशक्तीचा, चांगल्या टांकीचा कॉम्प्रेसर असल्यावांचून या खरेदीच्या वाटेस जाऊं नये. भाड्यानें मिळत असेल तर फारच उत्तम.

दुसरें यंत्र म्हणजे मळसूत्री पंप. बहिणीच्या घरीं आलेलें तें हेंच. रबराच्या जाड नळकांड्यांत पोलादाचें एक वांकडेंतिकडें मळसूत्र फिरतें, आणि फिरतांना मसाल्याचे कप्पे पुढें पुढें सारतें. ही कल्पना रने म्वानो या फ्रेंच संशोधकाची, १९३० च्या सुमाराची. कांहीं पंपांत पाणी आणि कोरडा मसाला आंतच कालविला जातो. याला बहुधा थ्री-फेज वीज लागते, किंमत लाखांच्या हिशेबांत जाते, आणि रबराचें नळकांडें झिजणारें असल्यामुळें तें वारंवार बदलावें लागतें. नदीच्या गोल वाळूपेक्षां दगड फोडून केलेली कोनेदार वाळू तें लवकर झिजविते. आणि नदीची वाळू दुर्मिळ झाल्यामुळें हल्लीं अनेक ठिकाणीं तीच वापरली जाते. हा पंप विकत घेण्याचा विचार घरधन्यानें करूंच नये. तो ठेकेदाराचा प्रश्न आहे, आणि तोहि ज्याच्या हातीं वर्षभर मोठमोठ्या इमारतींचें काम असेल त्याचाच.

आतां थोडें गणित करूं. गिलाव्याचें माप आपल्याकडे ब्रासांत, म्हणजे शंभर चौरस फुटांत, होतें. १२ मिलिमीटर जाडीचा एक ब्रास गिलावा म्हणजे भिंतीवर बसलेला सुमारें १११ लिटर मसाला. पांच लिटरांची पिचकारी त्यासाठीं बावीस-तेवीस वेळां भरावी लागेल. मिनिटास वीस लिटर फेंकणारा पंप तेंच काम साडेपांच मिनिटांत उरकील. चाळीस ब्रासांचें घर घेतलें तर त्याचें फेंकणें पावणेचार तासांत संपेल. ठेकेदार 'चार दिवस' म्हणतो तें या हिशेबानें खोटें नाहीं; उलट तो सढळ हातानें सांगतो असेंच वाटेल.

परंतु भिंतीवर पडलेला मसाला म्हणजे गिलावा नव्हे. त्यावर पट्टी ओढून तो एका पातळींत आणावा लागतो, कोपरे ओळंब्यांत व गुण्यांत धरावे लागतात, मग लाकडी रंध्यानें घोटावा लागतो. हें सारें सिमेंट आळूं लागण्यापूर्वीं. साध्या सिमेंटनें पाणी लागल्यापासून निदान अर्धा तास तरी आळूं नये असा भारतीय मानकाचा नियम आहे; पण तो प्रयोगशाळेंतल्या थंड हवेंतला अर्धा तास. ज्या अकोल्यांत वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथें पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर तोच वेळ किती आंखडत असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. अर्ध्या तासांत पंपानें सहाशें लिटर, म्हणजे पांच ब्रासांहून अधिक मसाला मारला. आणि तो घोटावयास बहिणीच्या घरीं माणसें होतीं दोन! त्यांनीं बिचाऱ्यांनीं काय करावें ? आळलेल्या मसाल्यावर पाणी शिंपडून तोच पुन्हां रगडला. वरून गुळगुळीत दिसला, आंतून सुटला. पोकळ आवाजाचें मूळ येथें सांपडलें.

अमरावतीस आमचें घर ज्यांनीं बांधलें ते वयोवृद्ध मिस्त्री माझ्याबरोबर अकोल्यास आले होते. त्यांनीं एक रुपयाचें नाणें घेऊन सारें घर खालपासून वरपर्यंत वाजविलें, जेथें पोकळ लागलें तेथें खडूनें वर्तुळें काढलीं, आणि शेवटीं म्हणाले, "काकाजी, मशीन मसाला फेकते, खरं हाय. पन भितीले सरळ कोन करन ?" मला वाटतें, यंत्राची निवड करतांना हा प्रश्न इंजिनियरानेंहि आधीं विचारावा. किती लिटर फेंकावयाचे हें यंत्राच्या शक्तीवर ठरवूं नये. रंधा चालविणारे हात किती आहेत त्यावर ठरवावें. चार चांगले गवंडी असतील तर पिचकारीचा वेग त्यांस बरोबर पुरतो. पंप आणावयाचा तर त्यामागें आठ-दहा कसबी माणसांची तुकडी हवी, आणि एवढी तुकडी एका घरासाठीं कोणी आणीत नाहीं.

वर्तुळें झालीं, पांढऱ्या पिठाचें कोडें मात्र त्या नाण्यानें सुटलें नाहीं. तें सुटलें पाण्यांत.

सातपुड्याच्या पायथ्याशीं पूर्णा नदीचें जें खोरें आहे, त्याच्या मधल्या पट्ट्यास आपण खारपाणपट्टा म्हणतों. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून तो साडेचार लाख हेक्टरांहून अधिक पसरला आहे. गाळाच्या खोल थरांत क्षार सांठलेले आहेत, आणि विहीर वा बोअर घेतली कीं तेच क्षार पाण्याबरोबर वर येतात. दर्यापूरकडच्या माहेरवाशिणी गोड्या पाण्याची घागर किती जपून वापरीत, हें आमच्या वडील पिढीच्या स्त्रियांस सांगावयास नको. जें पाणी डाळ शिजवीत नाहीं तें भिंत मात्र नीट शिजवील, असें आपण कोणत्या आधारावर मानतों कोण जाणे ! बहिणीच्या घराकडे तोंवर नळ आलेला नव्हता. सारा गिलावा अंगणांतल्या बोअरच्या पाण्यांत कालविला गेला. मसाल्यांतलें पाणी उन्हानें उडून गेलें, आणि त्यांतले क्षार भिंतीच्या तोंडावर स्फटिक होऊन बसले. तें पांढरें पीठ तेंच. क्षारांचे स्फटिक वाढतांना गिलाव्याच्या बारीक छिद्रांत दाब देतात, म्हणून पिठाच्या पाठोपाठ पोपडे सुटतात.

पाण्याची परीक्षा करणें अवघड नाहीं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत ती होते. काँक्रिटच्या पाण्यासाठीं भारतीय मानक ४५६ यांत ज्या मर्यादा दिल्या आहेत, त्या अशा : क्लोराइड, लोखंडी सळ्या असलेल्या कामांत लिटरास ५०० मिलिग्रॅमपर्यंत व सळ्या नसतील तेथें २००० पर्यंत, सल्फेट ४०० पर्यंत, आणि पाण्याचा पीएच ६ च्या खालीं नसावा. गिलाव्यासहि हीच मोजपट्टी लावावी, असें माझें मत आहे. मेव्हण्यांच्या बोअरचा अहवाल आला तेव्हां क्लोराइडचा आंकडा वाचून ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. पायाच्या सळ्यांचा विचार त्यांच्या मनांत आला असावा. सुदैवानें स्लॅबचें आणि पायाचें काँक्रिट शहरांतून तयार येऊन पडलें होतें.

जोत्याजवळचें पीठ आणखी एका कारणानें अधिक होतें. बाहेरचा गिलावा थेट मातीपर्यंत उतरविला होता. त्यामुळें जमिनींतला ओलावा क्षार घेऊन दिव्याच्या वातींतल्या तेलासारखा वर चढे. जोत्यावर ओल अडविणारा जो थर घातलेला असतो, त्याच्या वरून गिलाव्याची अखंड कातडी खालीं नेली कीं त्या थराचा उपयोगच संपतो. येथें यंत्राचा कांहीं दोष नाहीं. हातानें काम केलें असतें तरी हेंच झालें असतें.

तिसरें कारण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलें होतें. गिलाव्यावर पाणी मारणें, ज्यास आमच्याकडील मिस्त्री तराई म्हणतात, तें निदान सात दिवस आणि उन्हाळ्यांत त्याहूनहि अधिक व्हावयास पाहिजे. येथें झालें तीन दिवस, कारण चवथ्या दिवशीं रंगारी यावयाचा होता. यंत्रानें वांचविलेला महिना तराईच्या आठवड्यासहि देतां आला नाहीं ! आणि झालेली तराईहि त्याच खाऱ्या पाण्यानें.

तेव्हां यंत्रानें काम करवून घेतांना काय पाहावें तें आतां सांगतों. मसाला पंपासाठीं वा पिचकारीसाठीं थोडा सैल लागतो, आणि सैल करण्याचा सोपा उपाय म्हणजे पाणी वाढविणें. हा मोह घातक आहे. पाणी जितकें अधिक, तितका गिलावा वाळतांना आंखडतो आणि त्यास केंसासारख्या भेगा पडतात. त्याऐवजीं चुना मिसळावा. एक भाग सिमेंट, एक भाग विरलेला चुना आणि सहा भाग वाळू या मिश्रणाचा मसाला लोण्यासारखा सरकतो, पाणी धरून ठेवतो आणि पिचकारींत अडकत नाहीं. घाणींत मळलेल्या चुन्याची ख्याति आपण वाडवडिलांकडून ऐकली आहे. तो वैभवाचा काळ परत आणा असें मी म्हणत नाहीं, परंतु चुन्याची पिशवी बाजारांत मिळते आणि ती महागहि नाहीं. वाळू बारीक चाळणीनें चाळलेली असावी. एक मोठा खडा नळींत बसला तर अर्धा दिवस जातो.

भिंत आदल्या दिवशीं भिजवावी. मारतांना ती ओलसर असावी, ओघळती नसावी. काँक्रिटच्या गुळगुळीत खांबांवर टाचे मारावेत, आणि वीट व काँक्रिट यांच्या सांध्यावर जाळी ठोकावी, नाहींतर तेथें भेग ठेवलेलीच. पहिला हात सिमेंट आणि वाळू यांच्या पातळ मसाल्याचा, नुसता शिंतोड्यांसारखा मारून एक दिवस तसाच ठेवावा. यंत्र या कामांत सर्वांत अधिक शोभतें. माझ्या मतें सारा गिलावा हातानें करावयाचा असला तरी एवढा पहिला हात पिचकारीनें मारून घ्यावा. नंतरचा थर एका वेळीं दहा-बारा मिलिमीटरांहून जाड नको. नळीचें तोंड भिंतीशीं काटकोनांत धरावें. तिरपें धरलें तर मसाला घसरतो व वाया जातो. आणि सकाळीं पश्चिमेच्या भिंती, दुपारनंतर पूर्वेच्या, असा क्रम ठेवावा, म्हणजे सूर्य नेहमीं घराच्या दुसऱ्या बाजूस राहतो.

पंपाचें काम असेल तर विजेची चौकशी आधीं करावी. नळी मसाल्यानें भरलेली असतां वीज गेली आणि पाऊण तास आली नाहीं, तर ती नळी दगडाची होते. नळी तुंबली म्हणजे तिच्यांतला दाब आधीं उतरविल्यावांचून सांधा कधींहि उघडूं नये. दाबाखालचा मसाला तोंडावर उडून डोळे जातात. सिमेंट आणि चुना हे दोन्ही दाहक पदार्थ आहेत. आपल्या भागांत फवाऱ्याचें भय सांगण्यास दूर जावें लागत नाहीं. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर विषारी औषध फवारतांना वीसांहून अधिक माणसें दगावलीं. गिलाव्याचा मसाला तितका विषारी नाहीं हें खरें, परंतु तोंडावर फडकें नाहीं, डोळ्यांस चष्मा नाहीं, ही बेफिकिरी तीच. घरधन्यानें चष्मे आणि हातमोजे स्वतः विकत आणून द्यावेत. ठेकेदार देईल ही आशा मी सोडली आहे.

आणखी एक गोष्ट लिहितांना मन कचरतें. यंत्र आल्यानें गवंड्याचें काम जात नाहीं, हें वर आलेंच. जातें तें घमेलें वाहणाऱ्या बाईचें. मेळघाटांतून अमरावतीकडे कामास उतरणारीं कोरकू कुटुंबें आपण पाहतों. त्यांतल्या स्त्रियांच्या डोक्यावर जें घमेलें असतें, तेंच पंपाची नळी उचलते. परांचीवर ओझें घेऊन चढण्याचें तें काम कष्टाचें आणि धोक्याचें आहे हें मान्य. परंतु त्या नळीनें त्यांस दुसरें काम दिलेलें मीं पाहिलेलें नाहीं. पिचकारीस मात्र भांडें भरून देणारीं माणसें लागतातच.

दुरुस्ती पुढच्या कार्तिकांत, पाऊस सरून ऊन सौम्य झाल्यावर काढली. त्याच मिस्त्रींनीं चार गवंडी घेतले, एक पिचकारी आणि कॉम्प्रेसर भाड्यानें आणला. पाणी काटेपूर्णा धरणाचें, शहरांतून टँकरनें आणून झांकलेल्या टांकींत सांठविलें. खडूच्या वर्तुळांतला गिलावा विटेपर्यंत खरवडला. जोत्याजवळचा क्षार कोरड्या ब्रशानें झाडून टोपल्यांत भरून दूर नेला, धुतला नाहीं, कारण धुतलेला क्षार पुन्हां भिंतींतच जिरतो. बाहेरचा नवा गिलावा जमिनीच्या वर वीतभर थांबविला. सर्वांआधीं मागच्या भिंतीवर चार हात लांबरुंद तुकडा करून तो दहा दिवस तसाच ठेवला, आणि बहिणीच्या सासऱ्यांनीं तो रोज सकाळीं पूजेनंतर नाण्यानें वाजवून पाहिला. अकराव्या दिवशीं त्यांनीं होकार दिला.

पश्चिमेची भिंत आणि वरची खोली मिळून नऊ दिवस लागले, तराई वेगळी. भाचीच्या ठेवींतले जे पैसे गेले ते मेव्हणे शिकवण्या करून भरून काढीत आहेत. उरलेल्या घराच्या आंतल्या भिंती जुन्याच आहेत, खाऱ्या पाण्याच्या. त्या पुढें काय करतील हें सांगतां येत नाहीं. जोत्याजवळ यंदाहि पावसाळ्यानंतर पांढरें फुटलें, परंतु दोन हातांऐवजीं चार बोटें. भाचीनें मात्र आपलें टेबल अजून खोलीच्या मध्यभागींच ठेविलें आहे.